चतकोर गोळी

उमाजीनं जी चूक केली ती मायेपोटी केली, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर ऐकणारा त्याला अर्ध्या गोष्टीतच शिव्या घालील. तशी शिव्यांची त्याला कमी पडली नाही. पहिल्या शिव्या त्यानं स्वतःच स्वतःला घातल्या.

बोरीपासून कोसभरावर त्याची वस्ती. दीडशे मेंढरं, पंधरावीस शेळ्या, बायको भिवराबाई आणि चोवीस वर्षांचा एकुलता पोरगा बबलू. मुलगी रुपाली पूर्णेला दिलेली, जावई रेल्वेत. बबलूला मेंढरांमागं फिरायचा कंटाळा, म्हणून तो एकाची पिकअप चालवायचा. गावोगावच्या बाजारांना बकरी पोचवायची आणि येताना मायसाठी पुड्यात गरम जिलेबी आणायची, असं लाघवी पोरगं. त्या फेऱ्यांमध्येच कुण्या दोस्तानं त्याच्या हातावर 'बटन' ठेवलं. बटन म्हणजे झोपेची गोळी. नशेसाठी खाणाऱ्या पोरांनी तिला पाडलेलं नाव. आधी एक, मग तीन, मग अख्खं पाकीट. दीड वर्षात पोराची रया गेली. बोलताना जीभ अडखळायची, उभ्या उभ्या डोळा लागायचा. एक दिवस त्यानं पिकअप ओढ्यात घातली, तेव्हा कुठं घरच्यांचे डोळे उघडले.

"आबा, त्याला परभणीला घेऊन या," रुपाली फोनवर काकुळतीला आली. "नशा सोडवायचा दवाखाना हाय तिथं. औषध देऊन कमी कमी करत सोडवतेत."

"कसलं औषध?"

"गोळ्याच असतेत, पण..."

"गोळी सोडवायला गोळी?" उमाजी उखडला. "मंग दारुड्याला दारू पाजावं का? तू तुझं घर बघ."

त्याच्याकडं त्याचा उपाय तयार होता. बिरोबाम्होरं पाच माणसांत भंडारा उचलला, म्हणजे देवाची हळद मुठीत धरून शब्द दिला, की मेंढपाळांत विषय संपतो. उमाजीनं उभ्या आयुष्यात असा शब्द मोडला नव्हता आणि मोडणाऱ्याला माफही केलं नव्हतं. शेजारच्या वस्तीवरच्या गोपाळनं चराईच्या रानाबद्दल दिलेला शब्द फिरवला, तर दोन वर्षं झाली, उमाजी त्याच्या सावलीला उभा राहत नव्हता. एवढा ताठा!

तर एका रविवारी बबलूचं मनगट धरून तो बिरोबाला गेला. देवाचं सगळं पाहणारे म्हातारे मुंजाजी तिथं होते, आणखी चार माणसं होती आणि त्यांत नेमका गोपाळ होता. बबलूच्या मुठीत भंडारा दिला. उमाजी सांगत गेला, पोरगं मागून म्हणत गेलं.

"आजपासून कंचीबी गोळी तोंडात घालणार न्हाई. घातली तर..."

इथं उमाजी अडला. पोराला स्वतःच्या जिवाची फिकीर उरलेली नाही, हे त्याला ठाऊक होतं. स्वतःची आण घालून उपयोग नव्हता. म्हणून तो म्हणाला, "घातली तर माझ्या बापाचं मेलेलं तोंड बघीन."

बबलूनं दचकून वर पाहिलं. त्याला ते म्हणवेना. "म्हण बाबा," मुंजाजी हळूच बोलले, तेव्हा रडत रडत त्यानं म्हटलं. उमाजीला वाटलं, जिंकलो. घरी येऊन त्यानं भिवराबाईला पुरणपोळी करायला लावली.

दुसऱ्या दिवशी पोराचं अंथरूण घामानं भिजलं. हात असे थरथरायला लागले की पाण्याचा तांब्या धरवेना. "अंगातलं इख बाहेर पडायलंय, पडू दे," उमाजी म्हणाला. तिसऱ्या दिवशी सकाळी बबलू मेंढरांपाशी उभा होता, तो दाणकन कोसळला. डोळे फिरले, दातखीळ बसली, तोंडाला फेस आला. कुणी नाकाला चप्पल लावली, कुणी कांदा फोडला. भिवराबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेऊन असा टाहो फोडला की शेजारच्या वस्तीवरून गोपाळ पळत आला. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. आपली जीप काढली, पोराला उचलून आत घातलं आणि परभणी गाठली. उमाजी सगळी वाट त्याच्या शेजारी बसून होता आणि तरी त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. काय म्हणावं या माणसाला!

दवाखान्यात सुई दिल्यावर झटके थांबले. तिथं सत्यशीला मॅडम होत्या. नशेतून माणसं बाहेर काढायचं काम त्या वीस वर्षं करत होत्या. केस पांढरे, आवाज शाळेतल्या बाईंसारखा.

"गोळ्या एकदम बंद कुणी केल्या?"

"मी केल्या," उमाजी म्हणाला. अजून छाती काढूनच म्हणाला.

"पोरगा हातचा गेला असता, काका. या गोळ्यांची शरीराला सवय होते. एकाएकी काढून घेतल्या की असे झटके येतात, त्यात जीवही जातो. या पायरी पायरीनंच उतरवाव्या लागतात."

उमाजीनं खालच्या आवाजात विचारलं, "म्हंजी वाळल्या चाऱ्यावरचं मेंढरू एकदम हिरव्या घासात सोडलं तर फुगून मरतं, तसं?"

"अगदी तसं."

तो भिंतीला टेकून खालीच बसला. चारा बदलायचा तर हा माणूस आठ आठ दिवस घ्यायचा. रोज मूठभर हिरवं वाढवायचं, रोज प्रत्येकाच्या पोटावरून हात फिरवायचा. "मेंढरापुरती बी अक्कल चालवली न्हाई मॅडम मी," तो म्हणाला, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर ढसाढसा रडला.

मॅडमनी त्याला रडू दिलं. मग एक कागद घेतला. उमाजीला वाचायचा सराव नव्हता, म्हणून त्यांनी कागदावर भाकऱ्या काढल्या. पहिल्या ओळीत अख्खी, खाली पाऊण, मग अर्धी, मग चतकोर, मग चतकोरातलाही एक तुकडा, आणि शेवटची ओळ मोकळी. एकेका ओळीला महिना.

"दवाखान्यातून घरी गेल्यावर गोळ्या तुमच्या कुलपात. रोज सकाळी तुमच्या हातानं द्यायची, वर पाणी प्यायला लावायचं. त्याचा फोन नंबर बदला, जुनी मित्रमंडळी बंद. त्याला कामात ठेवा, एकटा बसू देऊ नका. महिन्यातून दोनदा मला भेटायला आणा. आणि काका, घरात खोटं कुणीच बोलायचं नाही. त्याला बटन घ्यावंसं वाटलं तर त्यानं सांगायचं, तुम्ही ओरडायचं नाही. अगदी घसरला तरी सांगायचं. घसरला त्या पायरीवरून पुन्हा चालायचं, तळापासून नाही."

"मी न्हाई ओरडणार," उमाजी म्हणाला. भिवराबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं की मॅडमना हसू आलं.

पण गोळी सुरू झाली आणि पोराची थरथर उलट वाढायला लागली. डॉक्टर कोड्यात पडले. चौथ्या दिवशी भिवराबाईनं त्याचा सदरा धुवायला झटकला आणि खिशातून गोळ्या टपटप खाली पडल्या. चारच्या चार. तोंडात घ्यायचा आणि नर्सची पाठ वळली की काढून ठेवायचा.

उमाजीचं डोकं सटकलं. "साठवायलास व्हय रं? सगळ्या एकदम खायला?" मॅडमना दिलेला शब्द विसरून त्यानं हात उगारला.

"आबा, तुमी मरताल," बबलू म्हणाला.

"काय?"

"भंडारा उचललाय मी. सुई चालती, गोळी न्हाई. गोळी घेतली तर तुमी मरताल." पोराचे दात कडाकडा वाजत होते. "मी न्हाई घेणार. येऊ दे झटका."

उगारलेला हात उमाजीला खाली घेता येईना. ज्या पोराला बापाची पर्वा नाही असं तो गावभर सांगत फिरला, ते पोरगं बापाला वाचवायला मरायला तयार झालं होतं. त्यानं तोच हात पोराच्या डोक्यावर ठेवला. "आरं लेकरा, मी सोडलं तुला त्यातनं. जा, सोडलं!"

"तुमच्या म्हणण्यानं कसं सुटंल? पाच माणसांम्होरं घातलीया आण."

मॅडमनी समजावलं. डॉक्टरांनी समजावलं. भिवराबाईनं पाय धरले. पोरगं भिंतीकडं तोंड करून पडून राहिलं. "सुयांवर किती दिवस काढणार?" डॉक्टर म्हणाले. "आणखी एक मोठा झटका आला तर माझ्या हातात काही नाही."

दुपारच्या एसटीनं उमाजी गावी आला तो थेट मुंजाजींपुढं जाऊन बसला. म्हातारा खूप वेळ सुपारी कातरत राहिला.

"भंडाऱ्याची आण सोडवायला आजवर कुणी आलं न्हाई उमाजी. पण एक हाय. ज्यानं घातली त्यानं ती आपल्या अंगावर घ्यायची. त्याच पाचांम्होरं. आणि ज्याला घातली त्याला आपल्या कानांनी ऐकू गेलं पायजे."

त्याच पाचांम्होरं. म्हणजे गोपाळही आला.

गोपाळच्या दारात उमाजी डोक्याचा पटका काढून उभा राहिला. पन्नाशी उलटलेल्या त्या माणसाचं उघडं डोकं गोपाळनं पहिल्यांदा पाहिलं. "गोपाळ, शब्द मोडला म्हणून दोन वर्षं तुला तोडलं मी. आज मी माझाच शब्द मोडायला निघालोय. तुझ्याबिगर मोडत न्हाई. चल बाबा."

गोपाळला त्या दिवशी बरंच काही बोलता आलं असतं. तो म्हणाला, "आधी पटका घाल डोक्यात, बरं दिसत न्हाई. आणि बबलू माझ्या बी खांद्यावर खेळलाय. जीप काढू का एसटीनं जायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी उमाजीच्या मागं खांद्यावर घोंगडी अन् हातात काठी घेतलेली पाच माणसं दवाखान्याच्या फाटकात उभी राहिली. पहारेकरी म्हणाला, एका पेशंटला एकच माणूस. त्यावर एवढी हुज्जत झाली की सत्यशीला मॅडम बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसल्या नाहीत. "यांना सोड," त्या पहारेकऱ्याला म्हणाल्या, "हे औषधच आहे त्याचं."

आवारातल्या लिंबाखाली बबलूला आणून बसवलं. उमाजीनं मुठीत भंडारा घेतला. "ही आण मी घातली. न कळता घातली. पोरानं औषधाची गोळी घेतली तर सगळा दोष माझ्या माथी. उद्या मी मेलो, तापानं मेलो का वीज पडून मेलो, तर कुणीबी म्हणायचं न्हाई का बबलूपायी मेला. उमाजी आपल्या अकलेनं मेला म्हणायचं."

"ते तर आमी तसं बी म्हणलो असतो," गोपाळ म्हणाला.

मुंजाजींना ठसका लागला. सगळेच हसले, आणि त्यांच्यात बबलूही हसला. कितीतरी महिन्यांनी भिवराबाईनं लेकाचे दात पाहिले. तिनं पदरानं डोळे पुसले. उमाजीनं अख्खी गोळी पोराच्या तळहातावर ठेवली. बबलूनं ती गिळली, पण नजर बापाच्या तोंडावरून हटवली नाही.

घरी आल्यावरही तसंच चाललं. सकाळी उमाजी कुलूप उघडून आपल्या हातानं गोळी द्यायचा. ती गिळून पोरगं दहा मिनिटं बापाशेजारी बसायचं. "बरं हाय ना आबा?" "मला काय धाड भरलीय!" मग दोघं मेंढरं सोडायचे. आण सुटली होती, पण भीती काही लगेच सुटत नाही. ती पण गोळीसारखीच थोडी थोडी उतरत होती.

अख्खीची पाऊण झाली, पाऊणची अर्धी. दिवस काही सगळे चांगले नव्हते. अर्धीच्या महिन्यात झोप उडाली, पोरगं विनाकारण चिडायचं, एकदा मायच्या अंगावर ताट भिरकावलं आणि नंतर तिच्याच पायाशी बसून रडलं. दोनदा सांगत आलं, "आबा, आज जीव लय ओढायलाय." उमाजीच्या तोंडाशी शिवी आलेली असायची. तो ती गिळायचा आणि म्हणायचा, "चल, कोकरं मोज माझ्यासंगं." मग बाप-लेक पार तिकडच्या माळापर्यंत चालत जायचे. रुपाली पूर्णेहून रोज संध्याकाळी फोन करायची आणि आधी भावाशी बोलायची, मग आईबापाशी.

दिवाळीनंतर चतकोर आली, आणि नेमका त्याच आठवड्यात उमाजीला ताप भरला.

साधा नव्हता. हुडहुडी भरायची, डोकं घणाघण वाजायचं, गुडघ्यात जीव राहायचा नाही. "आवं, दवाखान्यात चला," भिवराबाई म्हणाली.

"गप. आवाज नको. त्यानं बघितलं तर म्हणंल आण लागली. टाकंल गोळी फेकून, न्हाईतर पळंल बटन शोधाया. चतकोर संपेस्तोवर मला बिमार पडता यायचं न्हाई."

"आन् खोटं बोलायचं न्हाई म्हणल्या होत्या मॅडम?"

"मी कुठं बोलायलोय? मी नुसता उभा ऱ्हायलोय."

आणि खरंच उभा राहिला तो. चार दिवस. सकाळी थंड पाण्यानं तोंड धुवायचं, पटका बांधायचा, दात घट्ट धरून पोरासमोर ताठ व्हायचं. हात कापायचा म्हणून गोळी हातावर न देता ताटलीत ठेवायचा. पोरगं मेंढरं घेऊन नजरेआड झालं की मग घोंगडीत पडायचा. बबलू आता "बरं हाय ना आबा?" विचारत नव्हता. उमाजीला वाटलं, चला, पोराला कळलं नाही.

पाचव्या दिवशी बबलूनं ताटलीतली गोळी उचलली नाही.

"हात द्या आबा."

"कामून?"

"रोज हातानं देत होता. चार दिस झाले ताटलीत ठेवायलात." तो मान वर करत नव्हता. "ताप हाय तुमाला. मला पहिल्याच दिवशी कळालं."

उमाजीला वाटलं, आता गोळी फेकून देणार. आता पुन्हा झटका, पुन्हा तो फेस.

"मला लय भेव वाटलं," बबलू म्हणाला. "वाटलं, लागलीच आण. काल बोरीला गेल्तो. जुना दोस्त गाठ पडला. त्यानं बटन हातावर ठेवलं."

शिवी उमाजीच्या ओठापर्यंत आली. त्यानं ती धरली. "मंग?"

"हातात घेऊन बसलो. घाम फुटला. मंग वाटलं, आबा तापानं मरायचे न्हाईत. मी हे खाल्लं तर मातर मरतील. दिलं त्याचं त्याला माघारी." आता त्यानं वर पाहिलं. डोळे भरून आले होते. "कालच सांगायचं होतं तुमाला. पण तुमीच असं खोटं उभं ऱ्हायला होता म्होरं. मी कुणाला सांगू?"

चार दिवस ताठ उभा राहिलेला उमाजी तिथंच ओट्यावर बसला. "लय ताप हाय रं बबल्या," तो म्हणाला. "डोळ्यापुढं अंधारी येती. मला बी लय भेव वाटलं."

बबलूनं ताटलीतली चतकोर उचलली, गिळली, वर पाणी प्याला. मग बापाच्या कपाळावर हात ठेवला. "माय, घोंगडी दे," त्यानं हाक मारली, "आबाला दवाखान्यात नेतो."

बबलूच्या मोटारसायकलवर उमाजी लेकाच्या पाठीला गाल टेकून बसला. रस्ता खराब, पोरगं सावकाश चालवत होतं. ओढ्याजवळच्या उतारावर त्यानं विचारलं, "आबा, धरलंय ना घट्ट?"

"व्हय" म्हणायची उमाजीला जन्माची सवय. त्यानं खरं सांगितलं.

"न्हाई रं. हातात जीव न्हाई. तूच धर."

बबलूनं गाडी अगदी हळू केली, डावा हात मागं नेला आणि बापाचे दोन्ही हात ओढून आपल्या पोटाशी धरले.